गोठ्यावर फोडलेलं खापर

महामार्गालगतच्या दवाखान्यातल्या सर्जनने मला फसवलं. माझ्या पोटावर हत्यार चालवण्याआधी त्याला त्याच्या दवाखान्याची खोड माहीत होती. ती त्याने सांगितली नाही, आणि जखम चिघळल्यावर दोष माझ्या बायकोच्या गोठ्याला दिला.

मी गुरांचा व्यापारी. पोरवयात दुसऱ्यांची ढोरं राखली, मग दलालांच्या मागे हिंडलो, मग स्वतःचा टेम्पो घेतला. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत बैलजोडी घ्यायची झाली की माणसं मला सोबत नेतात, कारण खांदा आलेला बैल मी लांबून ओळखतो. जू घासून झालेल्या जखमेवर तेल-काजळी चोळून जनावर खपवणारे म्हसाच्या जत्रेत दरवर्षी येतात. माझ्यासमोर आले की जनावर मागे घेतात.

भावात मी कुणाला सोडत नाही. भाव ठरवायला रुमालाखाली बोटं धरली की समोरच्याला घाम फुटेपर्यंत सोडत नाही. पण आमच्यात एक रीत आहे. रुमाल टाकण्याआधी विकणाऱ्याने तिसऱ्या माणसासमोर खोड सांगायची. मारका आहे, बसका आहे, जे असेल ते. लपवलेली खोड नंतर निघाली, तर घेणारा जनावर घेऊन विकणाऱ्याच्या गावात जातो आणि चार लोकांदेखत दावं त्याच्या हातात देतो. ते त्याला घ्यावंच लागतं. नाही घेतलं, तर पुढच्या बाजारात त्याच्या जनावराला कुणी हात लावत नाही.

माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. अशी कळ यायची की सौदा अर्धा टाकून टेम्पोच्या चाकाला टेकून बसायचो. दुर्बिणीने ऑपरेशन करू, सर्जन म्हणाला. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बरेच जण एकामागोमाग होतो. मी टेबलावर आडवा झालो, तेव्हा कोपऱ्यात एक नर्स उग्र वासाच्या ट्रेमधून लांब नळ्या काढून बेसिनच्या नळाखाली धरत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, धुऊन घेतायत, स्वच्छ माणसं आहेत. सुई टोचली आणि पुढचं काही आठवत नाही.

टाके निघाले, छेद सुकले, मी बाजाराला जायला लागलो. महिनाभराने बेंबीजवळच्या छेदाखाली सुपारीएवढी गाठ आली. ताप नव्हता, ठणकाही नव्हता. गाठ लाल झाली, फुटली, आणि पाण्यासारखा पातळ पू वाहायला लागला.

सर्जनने बघितलं. "घरी जनावरं आहेत?"

"म्हशी आहेत. बायकोच्या."

"मग दुसरं काय होणार! शेणामुतात वावरता आणि जखमेला दोष देता. गोठा रिकामा करा आधी."

हे तो बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला. बाकावर आमच्या आळीतला एकजण बसला होता. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

त्या म्हशी बायकोने पारडं असल्यापासून वाढवलेल्या. गावातली निम्मी घरं तिच्याकडून दूध घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती किटली घेऊन निघाली, तर शेजारणीने दारातच अडवलं.

"वहिनी, उद्यापासून दूध नको गो. घरात पोरं लहान हायेत."

"का? काय झालं दुधाला?"

"डॉक्टरच बोलले ना. तुमच्या गोठ्यात जंतू हायेत."

"माज्या म्हशी काय यांच्या पोटावर बसल्या होत्या?" बायकोने विचारलं. शेजारीण हसली, पण पातेलं काही पुढे केलं नाही. मग दुसरं घर बंद झालं, मग तिसरं. बायकोने म्हशी मुरबाडकडे आपल्या भावाच्या गोठ्यात नेऊन बांधल्या आणि आमचा गोठा घासून घासून धुतला. तिला तसं घासताना बघून मला राग आला, कुणावर ते कळलं नाही.

गोठा रिकामा झाला, तरी जखम वाहतच राहिली. सर्जन खरवडायचा, गोळ्या बदलायचा, पट्टी बांधायचा. एक छेद भरतोय म्हणावं, तोवर दुसऱ्याखाली गाठ. शेवटी मी गोळ्यांचं पाकीट त्याच्या टेबलावर आपटलं आणि कल्याण गाठलं. तिथे अशा न भरणाऱ्या जखमा बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी जखमेच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. जंतू वाढायला वेळ लागतो, थांबा, म्हणाल्या. मी थांबलो.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "हा टीबीच्या जंतूच्या कुळातला आहे, पण टीबी नाही. तुमच्यापासून घरात कुणाला होणार नाही. जखमेत क्वचितच सापडतो. नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, याची औषधं वेगळी, आणि कित्येक महिने घ्यावी लागतील."

"शेणातून येतो?"

"मातीत असतो, पाण्यात असतो, टाकीत, नळात असतो. पण तुमचे छेद तर सुकले होते. दुखणं नंतर आतून वर आलं. असं दिसलं की आम्ही आधी अवजारांची चौकशी करतो. दुर्बिणीची काही अवजारं उकळता येत नाहीत, औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ते पाणी जुनं झालं, किंवा बाहेर काढून साध्या नळाखाली धुतलं, की हा त्यांच्यावरच राहतो आणि पोटात जातो."

माझ्या डोळ्यांसमोर ते बेसिन आलं. बैलाच्या खुरातला खडा शोधणारा मी, आणि तिथे नळ बघून खूश झालो होतो.

"मी तो दवाखाना बघितलेला नाही," बाई म्हणाल्या, "तेव्हा नक्की सांगू शकत नाही. पण तिथल्याच आणखी कुणाला असं झालं असेल, तर विचार करायला हवा."

आणखी एकीला झालं होतं. ड्रेसिंगच्या बाकावर ती नेहमी माझ्या आधी बसलेली असायची, पदराने पोट झाकून. किन्हवलीची, ब्लाउज शिवणारी. किन्हवलीत विचारत गेलो, घर सापडलं. मला बघून तिने मशीन थांबवलं.

"तुमचं पण भरलं नाय अजून?" तिनेच आधी विचारलं.

"नाय. तुमचं कधी झालं?"

"तुमच्या आधी. तुमी ऑपरेशनला आलात ना, तवा माजी जखम वाहतच होती, मी पट्टी बदलायला बाहेर बसलेली."

"तुमच्याकडे म्हशी आहेत?"

"म्हशी कुठल्या? कोंबडी पण नाय. मला बोलले, शेतातल्या चिखलातून आलं. मी दिवसभर या मशीनवर बसते, शेत कुठंय माजं?"

मला हसू आलं, आणि लगेच डोकं तापलं. मला शेण, तिला चिखल. आणि हिची जखम वाहत असताना त्याच नळ्या माझ्या पोटात गेल्या. म्हणजे खोड ठाऊक होती, आणि सौदा तरीही झाला. तिला मी कल्याणच्या बाईंचा पत्ता दिला. आता तिचीही औषधं चालू आहेत.

मग मी सर्जनकडे गेलो. जाताना गोठ्यातलं एक दावं काढून घेतलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याला काही कळलं नाही. दाराशी उभा असलेला त्याचा कंपाउंडर मुरबाडचा होता. त्याला कळलं, त्याने मान खाली घातली.

"हे काय?"

"दावं. तुमचा माल परत. ती शिवणकाम करणारी बाई माझ्या आधी सडत होती, ते तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?"

"तिची केस वेगळी आहे."

"जंतू वेगळा आहे की नळ वेगळा आहे?"

तो आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा, तुमचं पुढचं सगळं मी मोफत करतो. विषय इथेच मिटवू."

आयुष्यभर मी आकड्यावर आकडा चढवला आहे. त्या दिवशी एकही आकडा बोललो नाही. म्हटलं, "मला तुमचं काही नको. सकाळी माझ्या गावात या. दूध घ्यायला बाया बाहेर पडतात तेव्हा उभे राहा, आणि गोठ्याला जसा मोठ्याने दोष दिलात तसाच मोठ्याने काढून घ्या."

"असं कुठला डॉक्टर करतो?"

"म्हसाला अंगठेबहाद्दर बैलवाला करतो."

तो अजून आलेला नाही. माझे छेद आता मिटत आले आहेत. ते भरतील, त्याची मला काळजी नाही. म्हशीही मी परत आणल्या. पण बायको रोज पहाटे दूध काढते आणि किटली भरलेली तशीच ओट्यावर राहते. मी घरोघर जाऊन सांगितलं, रिपोर्ट दाखवला. लोक म्हणतात, तुम्ही सांगता ते ठीक, पण डॉक्टरने तर गोठाच म्हटलं होतं. तुमच्या तोंडचं वाक्य फक्त तुमच्या तोंडून परत जाईल, डॉक्टर. दावं अजून तुमच्या टेबलावर आहे. त्या बाईची जखम बघूनही मला का सांगितलं नाहीत, आणि माझ्या बायकोचा गोठा कशाच्या आधारावर बदनाम केलात? याचं उत्तर मला खोलीत नको. माझ्या दारात येऊन, त्या शेजारणीच्या देखत द्या.