सोमवारचा फोटो

सगळी गल्ली तिला चिमटामावशी म्हणायची. दोरीवरच्या कपड्यांना लावायचे लाकडी चिमटे ती दातांत धरायची, त्यामुळे निम्मं बोलणं तोंडातच राहायचं. सून म्हणायची, "आई, त्या चिमट्यांमुळेच आपलं जमतंय हो!"

चार मजले चढून गेलं की गच्ची, आणि गच्चीवर तिच्या अकरा दोऱ्या. लोकांचे कपडे धुऊन तिने तीस वर्षं तिथेच वाळवले. हातावरचं पोट ते. नदीपलीकडे कोळशाच्या वीजघराचं धुराडं होतं. वारा इकडे फिरला की पांढऱ्या चादरीवर काळी कणी, की चादर परत बादलीत. म्हणून जेव्हा कायदा आला, की कोळसा बंद आणि शहरातल्या प्रत्येक रिकाम्या गच्चीवर उन्हाची वीज, तेव्हा सगळ्यांत आधी तीच म्हणाली, "मेलं एकदाचं!"

आठ दिवसांत खाली दारावर कागद चिकटला. सुनेने वाचून दाखवला: गच्ची रिकामी आहे, पॅनेल बसवायला माणसं येत आहेत.

"रिकामी?" मावशीच्या तोंडातला चिमटाच पडला.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाला टेप घेऊन वर आला, तो ओल्या चादरींत अडकला. सुटून बाहेर आला आणि फोन पुढे धरून म्हणाला, "मावशी, आम्ही वरून फोटो काढलाय. बघा, काहीच नाही."

मावशीने डोळे बारीक केले. "ती कोपऱ्यातली बादली उपडी दिसते ना? ती मी सोमवारीच उपडी घालते. दोऱ्याही गुंडाळते. आठवड्यात एक दिवस पाठ टेकते रे मी, नेमका तोच गाठलात!"

मोजणीवाला ओशाळला. "पण कायदा..."

"कायदा चांगलाच आहे. त्या धुराड्याला माझ्याएवढ्या शिव्या कुणी दिल्या नसतील. पण मी वाळत घालू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

त्याने डोकं खाजवलं. "वापरातली गच्ची असेल तर पुरुषभर उंच सांगाडा करून वर पॅनेल लावता येतात. तशी सोय आहे कायद्यात. पण खाली सावली पडेल, मावशी. कपडे वाळायचे कसे?"

आता मावशी हसली. "लग्न झालेलं दिसत नाही तुझं. रंगीत कपडा उन्हात घालतं का कुणी? रंग उडतो. तो सावलीत, वाऱ्यावर. पांढऱ्यांना मात्र ऊन हवं. कडेच्या चार दोऱ्या उघड्या सोड."

"दोन."

"तीन. आणि तुझी पॅनेलं मी पुसून देईन. धूळ कशी बसते, ते मला विचार."

सांगाडा उभा राहिला. तीन दोऱ्यांच्या उन्हात दवाखान्यातून धुवायला येणाऱ्या सगळ्या चादरी मावेनात, म्हणून निम्म्या तिला दुसऱ्या धुणेवालीला द्याव्या लागल्या. दोन दिवस ती तोंडात चिमटा नसतानाही कुणाशी बोलली नाही. नंतर नदीकडून वारा आला, आणि उरलेल्या चादरी पांढऱ्याच राहिल्या. तिने एक नाकाशी धरून पाहिली, उलटून पाहिली, आणि घडी घातली.

सुट्टी अजून सोमवारीच. पण आता कडेच्या दोरीवर ती एक फडकं तरी लटकवून जाते. न जाणो, वरून कुणी बघत असलं तर!