न घेतलेली कशी सोडायची

त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत, कारण त्याने पॉलिश केलेल्या कपाटात बघून लोक भांग पाडत. माणूस मात्र भलता चुळबुळ्या. त्या दिवशी तर खुर्चीचा एकच हात तो इतका घासत बसला की खुर्ची थोटी व्हायचीच बाकी होती.

आदल्या दिवशी, त्याला सांगून आलेल्या मुलीचे मामा चौकशीला घरी आले होते. हा कामावर. आईने कौतुकाने सांगून टाकलं, “आता दारू सोडली हो त्याने.”

वास्तविक त्याने जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. पण वर्षानुवर्षं स्पिरिटमध्ये लाख विरघळवून पॉलिश करायचा आणि संध्याकाळी घमघमत घरी यायचा. आई मुकाट्याने ताट वाढायची. हल्ली पाण्यात कालवायचं पॉलिश आलं, वास गेला, आणि आईला वाटलं, पोरगं सुधारलं.

संध्याकाळी आईकडून हे कळताच त्याने मामांना फोन लावला.

“आईला वाटतं मी सोडली. पण तसं नाही.”

“म्हणजे चालूच आहे?”

“नाही हो. सोडलेली नाही, म्हणजे...”

“प्रामाणिक आहात,” म्हणत मामांनी फोन ठेवला.

जितकं झटकावं तितकी बाटली अंगाला चिकटत होती. आईला म्हणाला, “अगं, मी कधी घेतलीच नव्हती.” ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “जाऊ दे रे. झालं गेलं विसरायचं.”

आता खुर्ची घासता घासता त्याने मान वर केली, तर दारात मुलगीच उभी. दवाखान्यात नर्स होती ती.

“मामा म्हणतात, तुमची अजून सुटली नाही. म्हटलं, आपणच बघावं.”

पुन्हा बोलून पाय खोलात घालण्यापेक्षा त्याने फळीवरचा स्पिरिटचा जुना डबा काढून झाकण उघडलं. तिने वास घेतला आणि भिंतीला टेकून हसत सुटली.

“यावरून? दिवसभर इंजेक्शनं देऊन माझ्याही हाताला हाच वास येतो. घरी कळलं तर माझंही व्यसन सोडवायला निघतील.”

“मामांना कोण सांगणार?”

“मी सांगते. तुम्ही कृपा करून फोन करू नका.”

“आणि आईला?”

“सांगून बघितलंत ना? मग राहू द्या की.”

लग्न ठरलं. आई भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “बघ, सोडलीस म्हणून जमलं.”

त्याने शर्टाचं बटण पिरगाळलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा बटण पिरगाळलं.

“हो, आई,” म्हणाला. कधी न घेतलेली त्याची त्या दिवशी कायमची सुटली.