ऑड्रीबाईंचा कोरा चौकोन

ऑड्री व्हर्नेल नव्या माणसाला ‘कशी आहेस’ असं कधी विचारत नसत. त्या विचारत, ‘तुझ्या पणजीचं माहेरचं नाव काय?’ सिडनीत हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझ्या हातात मिक्सरचा खोका होता, नवरा जिन्यात गादीशी झटत होता, आणि तळमजल्याच्या दारात उभी असलेली एक ताठ, पांढऱ्या केसांची बाई मला पणजीचं माहेर विचारत होती. भाड्याची घरं माझ्या पाचवीलाच पुजलेली, शेजारी पुष्कळ पाहिले. पण हे नवीन होतं. मी म्हटलं, ‘माहीत नाही.’ वाईट रिपोर्ट बघून डॉक्टर हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

इथे सगळे त्यांना नुसतं ऑड्री म्हणत. मीही तोंडावर ऑड्रीच म्हणे. पण ऐंशी ओलांडलेल्या बाईबद्दल मराठीत लिहिताना हात धजत नाही, म्हणून ऑड्रीबाई. त्या या गल्लीत राहायला आल्या तेव्हा इथे ना किराणा होता ना मिठाई. आता दारासमोर जिलबी तळतात. त्याबद्दल तक्रार करणाऱ्या एका शेजाऱ्याला त्यांनी माझ्यादेखत ऐकवलं होतं, ‘आपण सगळे बोटीतून उतरलेले, मेट. फक्त तू तारीख विसरलास.’

त्यांच्या हॉलची एक अख्खी भिंत घराण्याने व्यापली होती. वॉलपेपरच्या उलट्या बाजूवर काढलेला वंशवृक्ष. बाईंची सगळी नोकरी रेल्वेत नकाशे काढण्यात झालेली, त्यामुळे अक्षर मोत्यांसारखं. सगळ्यात वर फ्रान्समधला एक व्हर्नेल. राजाने प्रोटेस्टंट लोकांना धर्म सोडायला सांगितलं तेव्हा ज्यांनी धर्माऐवजी देश सोडला, त्या ह्युगेनॉटांपैकी हा एक. तो हॉलंडच्या फौजेत शिरला, मुलगा इंग्लंडच्या. पुढे एक फांदी आयर्लंडात गेली, एक दक्षिण आफ्रिकेत, एक हिंदुस्थानात. आणि हिंदुस्थानातली सिडनीला आली. जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे हुद्दा.

‘देश गेलेल्या माणसाकडे विकायला काय उरतं? तलवार,’ त्या म्हणत. आवाजात अभिमान असे, पण आंधळा नसे. लगेच पुढे म्हणत, ‘एका राजाने आम्हाला हाकललं, आणि आम्ही दुसऱ्या राजासाठी तुमच्या लोकांना हाकलायला आलो. तेही या भिंतीवर आहे, लव्ह. ते मी खोडणार नाही.’

भिंतीचा एक नियम होता. ‘पेन्सिल आशेची, शाई पुराव्याची.’ चर्चमधली नोंद किंवा थडगं सापडेपर्यंत नावाला किंवा त्याच्या चौकटीला शाई मिळत नसे, मग ते सख्ख्या आजोबांचं का असेना. आणि इतक्या मोठ्या भिंतीवर एकच चौकोन त्यांना सलत होता. पुण्याजवळच्या छावणीत राहिलेला कॅप्टन आयझॅक हा त्यांचा थेट पूर्वज. त्याच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी होत्या, बापाचं नाव होतं, आईची जागा रिकामी. त्याच्या शेजारी पेन्सिलीच्या चौकटीत पेन्सिलीनेच ‘अज्ञात’ लिहिलेलं. ऑड्रीबाईंचे वडील ‘तेवढी शोध’ म्हणत गेले होते, आणि बाईंनी त्या एका बाईपायी चाळीशीनंतरचं सगळं आयुष्य घातलं होतं.

‘आमच्या पुण्याचे जावई दिसतात तुमचे कॅप्टन,’ मी एकदा चेष्टेने म्हटलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. ‘पुरावा?’ माझ्याकडे कुठला असणार? पेन्सिल परत कानामागे गेली.

मग माझी मुलगी झाली. बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने पाळण्याजवळ पाट मांडला. वरवंटा कुठून आणणार, म्हणून दुकानातला नवा खलबत्ता पुजला. कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं, दिवा लावला. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिची ही तयारी. ऑड्रीबाई विणलेले मोजे घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आईने. आईला तिच्या आईने.

‘पण ही आमची पद्धत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बाळ पाच दिवसांचं झालं की कोरा कागद, पेन आणि दिवा. फ्रान्समधून पळताना आमची बायबलं जाळली गेली, नावं लिहायला काही उरलं नाही, त्याची आठवण. माझ्या आईने माझ्यासाठी मांडलं होतं.’ त्यांचे डोळे चमकले. ‘म्हणजे एखादा व्हर्नेल तुमच्याकडे शिकवून गेला असणार.’

आईला इंग्रजी समजतं, बोलायचा कंटाळा. ती पाटावरून न उठता मला म्हणाली, ‘त्यांना सांग, सटवाई आमची आहे. ती फ्रान्सहून आलेली नाही.’

मी जरा मऊ करून सांगितलं. ऑड्रीबाई खुर्चीत बसल्या. पाटावरच्या कागदाकडे त्यांनी बोट केलं. मग विचारलं, ‘सकाळी त्यावर काय लिहिलेलं असतं?’

‘काही नाही,’ आईने या वेळी स्वतःच उत्तर दिलं, तिच्या इंग्रजीत. ‘ती लिहिते. आपल्याला वाचता येत नाही.’

दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी भिंतीवर लिहून मोकळी झाली असती. ऑड्रीबाईंनी फोन उचलला. आयर्लंडच्या फांदीतल्या म्हाताऱ्या बहिणींना विचारलं, आफ्रिकेतल्या भावंडांना विचारलं. कुणीही असा कागद कधी पाहिला नव्हता. ठेवत होत्या त्या फक्त आयझॅकच्या वंशातल्या लेकी (ऑड्रीबाईंची आईही त्यांतलीच, वडिलांची दूरची चुलतबहीण), आणि घरातल्या पुरुषांना त्याचा पत्ताही नव्हता. पद्धत फ्रान्सची असती तर सगळ्या फांद्यांवर दिसली असती. म्हणजे ती आयझॅकच्या मुलांच्या आईने, आमच्याकडच्याच कुणा बाईने, आणली होती.

‘आता तिचं नाव शोधायचं,’ त्या म्हणाल्या. तेव्हा मला सांगावं लागलं की आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, नावही बदलत. माझी पणजी आम्हाला नुसती ‘बयो’ म्हणून ठाऊक आहे. ऑड्रीबाई म्हणाल्या, ‘देवा. मग तुम्ही तुमच्या बायका शोधता कशा?’ शोधत नाही, हे सांगायची मला लाज वाटली.

वर्षातून एकदा ह्युगेनॉट वंशजांचं संमेलन भरे. त्या वर्षी ऑड्रीबाईंचा वृक्ष मांडायचा होता. मी त्यांना गाडीने नेलं आणि मागे बसले. त्यांनी कागदाची गोष्ट सांगितली. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. एक चुलतभाऊ उठून म्हणाला, ‘एखादी आया असेल, ऑड्री. नोकराणीची रीत घरात शिरली असेल. त्यासाठी घराण्यात बाई कशाला घुसवायची?’

ऑड्रीबाई काठीवर जोर देऊन सरळ झाल्या. ‘आयाची रीत मूल वाढलं की संपते. ही आईने लेकीला दिली, लेकीने तिच्या लेकीला, आणि नवऱ्यांना सांगितली नाही. मी शाई मागत नाहीये. पण आपले पूर्वज धर्म सोडेनात म्हणून देशाबाहेर गेले, त्याचं आपण दरवर्षी कौतुक करतो. हिनेही आपलं सोडलं नाही. फक्त तिचा हुद्दा कुणी लिहिला नाही.’

टाळ्या थोड्याच पडल्या. मला मात्र रडू आलं. परतताना त्या म्हणाल्या, ‘मला बेकरीतून खिमा भरलेलं एक मोठं मीट पाय घेऊन दे, लव्ह. भांडलं की भूक लागते.’

नाव शेवटपर्यंत सापडलं नाही. मागच्या हिवाळ्यात वेस्टमीडच्या हॉस्पिटलात त्या भरती झाल्या. मी काम करते ती लॅब तिथेच, त्यामुळे शिफ्ट संपली की मी वर जाऊन बसे. एकदा त्या म्हणाल्या, ‘मी ते अज्ञात खोडलं. तिला स्वतःचं नाव माहीत होतं ना. माहीत नाही ते मला.’ पुढे काही दिवसांनी त्या गेल्या.

घर आवरायला त्यांची भाची हेलन आली. वृक्ष संमेलनवाल्यांना द्यायचा होता. आम्ही दोघी मिळून तो भिंतीवरून सोडवत होतो. कॅप्टन आयझॅकशेजारी येऊन हेलन थांबली. आता तिथे पेन्सिलीचं काही नव्हतं. चौकोन आतून कोरा होता.

‘बघ, एवढं आयुष्य घालवलं आणि हा राहिलाच,’ ती म्हणाली आणि तिने टेबलावरचं पेन उचललं. ‘निदान अज्ञात तरी लिहू.’

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि टोपण लावलं.

‘राहिलेला नाही,’ मी म्हटलं. ‘चौकट बघ. शाईची आहे.’