ताऱ्यासाठी जनरेटर

मालेगावला आमच्या शेजारचे मंडप-डेकोरेशनवाले काका दार वाजवत नाहीत, सरळ आत येतात. मी पल्सारचा, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मेलेल्या ताऱ्याचा, अभ्यास करते हे कळल्यापासून रोज एकच प्रश्न: "काय वं पोरी, त्या ताऱ्यानं जोडीदार खाल्ला का?" तो मेलेला तारा शेजारच्या जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून स्वतःभोवती चकतीसारखा फिरवतो, एवढंच मी सांगितलं होतं. काकांनी गावभर त्याचं सासू-सुनेचं भांडण करून टाकलं. मला अगदी वीट आला होता.

गेल्या महिन्यात एका दुपारी रेडिओ दुर्बीण, जिथं तेव्हा रात्र होती अशा परदेशातली प्रकाशाची दुर्बीण आणि क्ष-किरणांचा उपग्रह एकाच वेळी त्या जोडीकडे बघणार होते. रेडिओची बाजू मी घरून सांभाळत होते. ऐनवेळी लाईट गेली.

काका घामाघूम होऊन जनरेटर ढकलत आले. "पुतणीच्या साखरपुड्यातून आणला."

"काका, आणि तिथं?"

"तिथं जेवून राह्यले लोकं. दिवसाढवळ्या जेवाले लाईट कायले लागते?"

मग निरीक्षण संपेपर्यंत ते माझ्या कानाशी बडबडत बसले. तरी तिन्ही नोंदी मिळाल्या.

गाणी बंद पडली म्हणून पुतणी अजून आम्हा दोघांशी बोलत नाही. काका मात्र रोज विचारतात, "पुढचं निरीक्षन कदी हाये? पुतणीचं लगन पुढं ढकलतो."