गौरीचं तिकीट

अक्कांनी आयुष्यात कुठल्याही वस्तूची पहिली किंमत मान्य केली नाही. भाजीवाला असो, ऑटोवाला असो, नाहीतर काचेवर 'एकच भाव' लिहिलेलं दुकान असो; त्या किंमत ऐकायच्या, गोड हसायच्या आणि चपला घालून चालू लागायच्या. गल्लीच्या तोंडाशी पोहोचायच्या आत मागून हाक यायचीच, "अम्मा, आओ ना, कित्ते में लेते बोलो!" ही हाक ऐकूनसुद्धा न ऐकल्यासारखं पुढे जायचं, खरी कला तिथे आहे, असं त्या मला सांगायच्या. मला ते कधीच जमलं नाही. मी पहिल्या हाकेला वळते.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादच्या मलकपेठेत राहिलेलं. आई-वडील लवकर गेले आणि मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाढवता वाढवता अक्कांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. अफझलगंजात एका ठोक कापडवाल्याकडे त्या हिशेब लिहायच्या. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायच्या, "आता कुठं नवरा सांभाळत बसू? एक भाऊ सांभाळला की, बस झालं."

मी पुण्याची, नोकरीसाठी हैदराबादला आलेली. लग्न ठरलं तेव्हा आमच्या दोघांच्या खिशाला परवडेल असं उटी आम्ही मनात धरून ठेवलं होतं. अक्कांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "उटी? उटीला आमचे शेठसुद्धा जाऊन आले! समुद्र ओलांडून जा गं. या घरातलं कुणी अजून जोडीनं विमानात बसलं नाही." मग त्यांनी जाहीर केलं की तिकिटं हा त्यांचा आहेर. त्यासाठी त्यांनी चिट्टी उचलली. ती भिशी त्या वर्षानुवर्षं भरत होत्या आणि ती कशासाठी होती हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. राहण्याखाण्याचं मात्र आम्ही बघायचं, असं ठरलं. जागा ठरली फुकेत, कारण व्हिसाची कटकट नव्हती आणि समुद्र भरपूर होता.

मग सुरू झाली विमान कंपनीशी घासाघीस. अक्का रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर भाडं उघडायच्या, आकडा बघून हसायच्या आणि मोबाइल उलटा ठेवून द्यायच्या. "बोलवेल परत," असं म्हणायच्या. कंपनी काही बोलवायची नाही. दुसऱ्या दिवशी भाडं वाढलेलंच असायचं. "कायकू इत्ता अकडता रे," असं त्या मोबाइलला दटावायच्या. मिलिंद डोकं धरून बसायचा. "अक्का, ते मशीन आहे, त्याला तुझी पाठ दिसत नाही!" पण एके दुपारी खरोखरच सवलत आली, भाडं धाडकन उतरलं आणि अक्कांनी कुणालाही न विचारता तिथल्या तिथे तिकिटं काढून टाकली. आम्हाला नुसता फोन आला, "झालं. आता लग्नानंतर, पूजेच्या दिवशीच बघायचं."

इथे नावाचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. अक्कांनी माझ्यासाठी 'गौरी' हे नाव ठरवलं होतं. मी अस्मिता, आणि अस्मिताच राहणार, असं साखरपुड्यालाच सांगितलं होतं. मला वाटलं, आता फुरंगटतील. पण त्या सहज म्हणाल्या, "नक्को तर नक्को. कागदावर ऱ्हा की अस्मिता. मी आपली तुला गौरी म्हणणार." आणि त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं.

सत्यनारायणाच्या पूजेनंतर सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी हळदकुंकू लावलेला लिफाफा माझ्या हातात दिला. मी उघडला. मिलिंदच्या नावाखाली माझं तिकीट होतं आणि त्यावर नाव होतं गौरी. पुढे मिलिंदचं नाव, सासरचं आडनाव. माझ्या पासपोर्टावर मात्र अस्मिता, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतरच्या प्रवासाला लग्नानंतरचं नाव, अक्कांच्या मनाने इतका साधा हिशेब केला होता. बायका कौतुकाने म्हणत होत्या, "बघा, नणंद असावी तर अशी!" अक्का पदराने डोळे टिपत होत्या. मी वाकून त्यांच्या पाया पडले.

कंपनीने हात वर केले. सवलतीचं तिकीट, ना नाव बदलता येतं ना पैसे परत मिळतात. जाणं रद्द करावं तर अक्कांना कारण सांगावं लागणार. मिलिंद म्हणाला, "तिला कळलं तर ती स्वतःला कधी माफ करणार नाही." माझंही तेच मत होतं. त्याच विमानाचं नवं तिकीट आमच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. शेवटी शिलकीतून मी माझ्यापुरतं दुसरं तिकीट काढलं, संध्याकाळच्या विमानाचं, चेन्नईवरून वळसा घालून जाणारं. थोडक्यात काय, नवरा सकाळच्या विमानाने मधुचंद्राला जाणार आणि बायको मागाहून पोहोचणार. आम्ही दोघंही खूप हसलो. अक्कांना काही कळू द्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं केलं.

अक्का आम्हाला विमानतळावर सोडायला आल्या. ठेवणीतली इरकल नेसल्या होत्या. दारापाशी त्यांनी माझ्या हातात चिंचेच्या भाताचा डबा दिला. "तिकडं काय काय खातात कुणास ठाऊक. हा दोघांनी मिळून खा." आम्ही जोडीने आत गेलो, वळून हात हलवला. मिलिंदचं विमान गेलं. मी दिवसभर एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले. हातातला चुडा बघून येणारेजाणारे माझ्याकडे वळून बघत होते. दुपारी मी तो भात एकटीने खाल्ला आणि कशानं कोण जाणे, मला रडू आलं.

परत आल्यावर अक्कांनी खोदून खोदून विचारलं. विमानात खिडकी कुणाला मिळाली? ढग खालून दिसतात की वरून? मी सगळं जोडीने पाहिल्यासारखं रंगवून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मधेच "हौ?" म्हणत राहिल्या. त्यानंतर कितीतरी पाहुण्यांना त्यांनी आमच्या प्रवासाची गोष्ट माझ्याच शब्दांत सांगितली. आपण एक चांगलं काम निभावलं, असं मला दर वेळी वाटायचं.

मग आजारपण आलं. पोटाचं दुखणं त्यांनी अंगावर काढलं होतं, आणि डॉक्टरांकडे गेलो तोवर फार उशीर झाला होता. शेवटी शेवटी त्यांना घरीच आणलं. बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "गौरी, तो भात तू एकटीनं खाल्लास ना गं?"

मग तुटक तुटक त्यांनीच सगळं सांगितलं.

तिकिटं त्यांच्या नंबरवरून काढलेली होती. सकाळचं विमान सुटल्यावर कंपनीचा निरोप त्यांच्याच मोबाइलवर आला होता, गौरी नावाची प्रवासी चढली नाही म्हणून. तेव्हा त्या विमानतळाबाहेर बसच्या रांगेत उभ्या होत्या. रांग सोडून तशाच दारापाशी परत आल्या. दारावरच्या शिपायाला निरोप दाखवला. तो म्हणाला, नाव जुळलं नसेल, आपकी दुल्हन अंदरच बैठी होंगी. तिकिटाशिवाय आत सोडेना. या बाईने जन्मभर सगळ्यांशी घासाघीस केली, पण त्या दिवशी तिचं काही चाललं नाही.

"मग तुम्ही घरी गेलात?"

"कशी जाऊ? नवी नवरी एकटी आत बसलेली. बसले मीपण, बाहेर, कट्ट्यावर. दिवे लागले तोवर बसले. मग म्हटलं, आता दुसऱ्या विमानानं गेली आसंल."

"अक्का, फोन तरी करायचात!"

"केला असता तर तू खोटं बोलली असतीस. लग्न होऊन चार दिस झाले नाहीत, तुला कशाला खोटं बोलायला लावू?" मग म्हणाल्या, "चूक माझी होती. तू पाया पडलीस की तेव्हा, काही न बोलता. तवाच मला घरात पोरगी आली."

त्याच आठवड्यात अक्का गेल्या.

कामानिमित्त मला अजूनही विमानतळावर जावं लागतं. मिलिंद दारापाशी उतरवतो आणि मागे गाड्यांची रांग असते म्हणून लगेच निघून जातो. त्यात त्याचं काही चुकत नाही. आत गेल्यावर मी काचेशी उभी राहून बाहेरच्या कट्ट्याकडे बघते. तिथे कुणी ना कुणी बसलेलं असतं, कुणाच्या तरी विमानाची वेळ होईपर्यंत. माझ्यासाठी थांबणारं माणूस गेलं.