गरीब माणसाचं पाऊल

“त्याला सांग, आज रायफल कॅम्पवरच ठेव,” डेलसाहेब म्हणाले.

मी मुसल्लमला अरबीत सांगितलं. तो म्हणाला, “मग लुंगीपण इथेच सोडू का?”

मी तेही इंग्रजीत सांगितलं. साहेब पोट धरून हसले. मुसल्लमने रायफल माझ्या तंबूत खाटेखाली ठेवली. कमरेचा काडतुसांचा पट्टा मात्र सोडला नाही. सवय.

ही गोष्ट साठच्या दशकातली. आज ज्याला अमिरात म्हणतात त्या देशाला तेव्हा ते नाव नव्हतं. तेल शोधणाऱ्या एका कंपनीची सर्व्हे पार्टी पूर्वेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी तंबू ठोकून होती. जमिनीत भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू उडवायची आणि खालून येणारा हादरा यंत्राने मोजायचा, असं ते काम. डेलसाहेब पार्टी चीफ, अमेरिकन. मी क्लार्क आणि दुभाषा.

दुभाषा कसा झालो तेही सांगायला हवं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचा. मॅट्रिक पास. दुबईच्या ऑफिसात विचारलं, “अरेबिक?” मी म्हणालो, “येस सर.” मदरशात कुराण वाचायला शिकलो होतो, घरात उर्दू कानावर होती, आणि दुबईच्या बाजारात वर्षभर कापडाच्या दुकानात उभा होतो. त्या दिवसांत एवढं पुरायचं. अर्ध्याहून जास्त शब्द आपलेच वाटायचे. किताब, खबर, हिसाब, वक्त. मला वाटायचं, अरबी मला येतेच, फक्त उच्चार बसायचा आहे.

मुसल्लम कंपनीचा वाटाड्या. त्याच डोंगरातल्या टोळीचा. त्यांच्या हद्दीतून जायचं तर त्यांचा माणूस सोबत हवा, हा तिथला रिवाज. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. मला ‘या हिंदी’, म्हणजे ‘अरे हिंदुस्थानी’, म्हणून हाक मारायचा आणि माझ्या डाळीत लिंबू पिळून खायचा.

साहेबांना शिकारीचा नाद होता, पण बंदुकीचा नाही. धनुष्यबाणाचा. त्यांच्या देशात एल्क नावाचं हरीण असतं, आपल्या सांबराहून मोठं. सरकारी डोंगरात, लायसन काढून, पाठीवर सामान घेऊन ते दिवसचे दिवस त्याच्या मागे हिंडायचे. “धनुष्याने मारायचं म्हणजे तीस पावलांवर जावं लागतं, इब्राहिम. वारा कुठून येतो ते बघावं लागतं. दहापैकी नऊ वेळा तेच जिंकतं,” असं सांगायचे. इथे एल्क नव्हतं. कड्यांवर ताहर होता, रानबोकडाच्या जातीचा. साहेब शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याच्या मागे जायचे.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी विचारायला लावलं, “हा डोंगर सरकारी आहे ना?”

मुसल्लम म्हणाला, “सरकार म्हणजे कोण?”

“शेख,” मी म्हणालो.

“शेख खाली राहतो. वर आम्ही राहतो. आणि डोंगराच्या त्या धारेपलीकडे जे राहतात त्यांच्याशी आमचं बरं नाही.”

मी साहेबांना सांगितलं, “ओपन लँड आहे, सर. नो प्रॉब्लेम.” सगळं कशाला सांगत बसायचं, असं मला वाटलं. साहेब खूश झाले. “जस्ट लाइक होम,” म्हणाले.

आदल्या शुक्रवारी साहेब सरपटत सरपटत एका ताहरच्या जवळ पोचत आले होते. मुसल्लमला तेवढा धीर धरवला नाही. त्याने मागून रायफल झाडली. नेम चुकला, जनावर पळालं. म्हणून त्या दिवशी रायफल खाटेखाली.

आम्ही तिघं उजाडता उजाडता वादीत शिरलो. वादी म्हणजे कोरडी नदी. पाऊस पडला तरच वाहते. दोन्ही बाजूंना कडे, मधे गोटे. एका वळणावर खडकाखाली थोडं पाणी साठलेलं होतं. मुसल्लम तिथे उकिडवा बसला. ओल्या वाळूत अनवाणी माणसाचं पाऊल उमटलं होतं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, “गरीब.”

“काय म्हणतो?” साहेबांनी विचारलं.

“गरीब माणसाचं पाऊल आहे, सर. अ पुअर मॅन.”

“पुअर फेलो. पायात काही नाही बिचाऱ्याच्या. भेटला तर आपल्यातलं पाणी देऊ. चला.”

मी मुसल्लमला म्हणालो, “साहेब म्हणतात, भेटला तर त्याला पाणी देऊ. पुढे चला.”

मुसल्लमने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. “नीट सांगितलंस ना त्यांना?”

“सांगितलं की.”

त्याने खांद्यावर हात नेला. तिथे रायफलचा पट्टा नव्हता. मग उठला. रोज तो साहेबांच्या बाजूने चालायचा. त्या दिवशी पुढे झाला. मला वाटलं, वाट अवघड असेल.

गोळीचा आवाज दोनदा आला असं वाटलं. दुसरा कड्यावरून घुमलेला होता. मुसल्लम खाली बसला. बसला म्हणजे पडलाच, पण सावकाश. मांडीच्या वरच्या बाजूला लागली होती. वर कड्यावर कुणी दिसलं नाही. दुसरी गोळी आली नाही.

साहेबांनी धनुष्य टाकलं. आपला पट्टा काढून मांडीला आवळला. रक्त थांबेना, कारण जखम पट्ट्याच्या वर होती. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं. मी मागून जखमेवर फडकं दाबून धरलं होतं. लँडरोव्हर वादीच्या तोंडाशी होती.

“त्याच्याशी बोलत राहा,” साहेब ओरडले. “झोपू देऊ नकोस!”

काय बोलणार? माझ्याकडे शब्द होते किती? पाण्याचे ड्रम, खजुराच्या गोण्या, मजुरांच्या पाळ्या. मी तेच बोलत राहिलो. ते संपल्यावर आमच्या गावच्या बोलीत बोलायला लागलो. काय बोललो आठवत नाही. खाडीतल्या माशांबद्दल काहीतरी.

गाडीशी टेकवला तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, “या हिंदी, साहेबाला माहीत होतं, गरीब आहे म्हणून?”

“हो.”

“तरी म्हणाला, पाणी देऊ?”

“हो.”

“मर्द आहे,” मुसल्लम म्हणाला.

कॅम्प दिसायच्या आधी तो गेला.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ सुहैल दोन माणसांना घेऊन आला. मेसच्या तंबूबाहेर जमिनीवर बसले. कॉफी दिली ती घेतली नाही. कॉफी घेतली नाही की समजायचं, काहीतरी मागायला आलेत आणि ते साधं नाही.

सुहैल म्हणाला, “एकच विचारायचंय. मारणारा धारेपलीकडचा होता, ते आम्हाला कळलं. ते आम्ही बघू. माझ्या भावाकडे रायफल नव्हती. त्याने ते पाऊल पाहिलं असणारच. त्याने साहेबाला सांगितलं का?”

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “हो. सांग त्याला, मला कळलं ते एवढंच, की कुणी गरीब माणूस आहे.”

मी मुसल्लमचाच शब्द वापरला. “साहेबांना माहीत होतं, गरीब आहे म्हणून.”

सुहैल उभा राहिला. दुसरे दोघंही उठले. एकाने रायफल खांद्यावरून हातात घेतली.

“काय झालं?” साहेब म्हणाले. “गरीब माणूस म्हटल्यावर कोण घाबरणार? विचार त्याला!”

मी पँटचा खिसा उलटा करून दाखवला. रिकामा. “गरीब,” मी म्हणालो. “गरीब!”

सुहैलने त्या खिशाकडे बोट केलं. म्हणाला, “खिसा रिकामा तो फकीर. तो मिस्कीन.” माझ्या छातीवर बोट टेकवलं. “गरीब तू.”

मला वाटलं, शिवी देतोय. त्याने साहेबांकडे बोट केलं. “हा गरीब.” मग डोंगराच्या धारेकडे. “ते गरीब.” स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “मी नाही. मुसल्लम नाही.”

अरबीत गरीब म्हणजे इथला नसलेला. परका. मुसल्लमने मला सांगितलं होतं, आपल्या वादीत परका माणूस शिरलाय आणि माझ्या हातात काही नाही. मागे फिरू या, हे त्याच्या तोंडून निघणार नव्हतं. ते त्याने आमच्यावर सोडलं होतं.

माझी चूक मी आधी सुहैलला सांगितली, मग साहेबांना. दोन्ही वेळा उभ्यानेच. साहेबांनी मला शब्दानेही टोकलं नाही. ते म्हणाले, “रायफल ठेवायला मी सांगितलं होतं. तेही त्याला सांग.” मी सांगितलं.

सुहैल पुटपुटला, “म्हणजे साहेबाला माहीत नव्हतं. आणि मुसल्लमला वाटलं, माहीत आहे.” त्याने सोबतच्या माणसाला रायफल खांद्यावर घ्यायला लावली. मला म्हणाला, “हे तू आमच्या आईला सांगायचं. आम्ही नाही सांगणार.”

मी गेलो. दगडाच्या भिंती, खजुराच्या झावळ्यांचं छप्पर. म्हातारी बुरख्यात बसली होती. मी माझ्या अरबीत सगळं सांगितलं, शब्द, पाऊल, पाणी. तिला माझी अरबी कळेना. ती सुहैलकडे बघायला लागली. मग तो त्यांच्या बोलीत सांगू लागला. मी बराच वेळ बोललो होतो. त्याचं दोन वाक्यांत झालं.

त्या दोन वाक्यांत काय होतं, मला आजही ठाऊक नाही. म्हातारीने मान हलवली आणि मला कॉफी द्यायला सांगितलं. तिने मला माफ केलं, की सुहैलने तिला काही सांगितलंच नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कॉफी प्यायलो. बाहेर आलो तेव्हा सुहैल म्हणाला, “खलास. आता इकडे येऊ नकोस.”

साहेब महिनाभरात गेले. मी दुभाष्याचं काम सोडायचं म्हणत होतो, पण घरी पैसे पाठवायचे होते आणि दुसरं काम नव्हतं. ते अजून करतो. हल्ली आमच्या ऑफिसात कोकणातली नवी मुलं येतात. हुशार असतात. अवघड शब्द आला की लगेच डिक्शनरी उघडतात. मी त्यांना सांगतो, त्याची काळजी नको, तो तुम्ही विचारालच. शब्द घरच्यासारखा वाटला की थांबा, तो विचारा. ती म्हणतात, “येस अंकल,” आणि पुढे वाचायला लागतात.