टेंभराचं क्रंबल

ऐंशीच्या दशकात गडचिरोली जिल्हा नवा झाला, तेव्हा त्याच्याबरोबर साहेब लोकही नवे आले. आपली इथे शिक्षा म्हणून बदली झाली आहे, असं त्यांच्या बायका मोकळेपणानं सांगायच्या. सांगायच्या कुणाला, तर आम्हाला, ज्यांचा जन्मच इथला. आम्ही मान हलवून हळहळायचो. आमच्या गावात राहावं लागतं म्हणून आम्हीच त्यांचं सांत्वन करायचो, याचं तेव्हा काही वाटायचं नाही.

माझे यजमान शेतकी खात्यात अधिकारी होते, म्हणून आम्हाला साहेबांच्या कॉलनीत शेवटचं क्वार्टर मिळालं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. घरात आमच्याबरोबर सासूबाई होत्या. वडसा भागातल्या खेड्यात सारा जन्म धानाच्या बांधीत गेलेल्या, त्यामुळे कॉलनीतल्या बायकांना त्या जरा मोठ्यानं बोलणाऱ्या वाटायच्या.

कॉलनीत महिला मंडळ होतं आणि मंडळाच्या अध्यक्ष होत्या मॅडम. म्हणजे सगळ्यात मोठ्या साहेबांच्या बायको. त्या पुण्याच्या. दर शनिवारी दुपारी एकेका घरी मंडळ भरायचं आणि त्या घरानं चहाफराळ करायचा. आमच्या घरी दोन वर्षांत तीनदा मंडळ भरलं. पहिल्यांदा मॅडमचा शनिवारचा उपवास होता. दुसऱ्यांदा चतुर्थी होती. तिसऱ्यांदा त्यांची दाढ दुखत होती, आणि ती इतकी की पाणीसुद्धा चालणार नव्हतं. बैठकीत शिरलं की समोर बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यावर निळ्या कोटातला फोटो. मॅडमची दाढ त्या फोटोकडे बघूनच दुखायला लागते, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी पुढच्या वेळेला काय करावं म्हणजे त्या खातील, याचा मी विचार करायचे. शिकलेली बाई असून मी असा विचार करायचे, हे लिहून ठेवलेलं बरं.

त्या वर्षी एप्रिलच्या एका शनिवारी मॅडमनी आम्हाला आधुनिक गोड पदार्थ शिकवायचं ठरवलं. सरकारी जीप कामानिमित्त नागपूरला गेली होती, ती येताना सफरचंदं घेऊन आली. आमच्या गावात तेव्हा सफरचंद म्हणजे दवाखान्यासमोरच्या गाडीवर सुरकुतलेली तीन-चार फळं. ते कुणाच्या हातात दिसलं की लोक विचारायचे, कोण आजारी आहे. इथे तर टोपलीभर होती. मॅडमच्या व्हरांड्यात टेबलावर त्यांचा गोल ओव्हन मांडला होता, झाकणाला काच असलेला. त्यांनी सफरचंदाच्या फोडी केल्या, साखर आणि दालचिनी घातली, मैद्यात लोणी चोळून त्याचा चुरा वर पसरला आणि झाकण लावलं.

"याला क्रंबल म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "जेवणानंतर घ्यायचं असतं. तुमच्याकडे जेवणानंतर काय घेतात?"

"सुपारी," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी हौसेनं बरोबर नेलं होतं.

आम्ही पंधरा बायका ओवाळायला उभ्या असल्यासारख्या त्या ओव्हनभोवती उभ्या राहून काचेतून सफरचंद बघत होतो. दहा मिनिटांनी वीज गेली. ती तासभर आली नाही. शेवटी मॅडमनी ते तसंच वाढलं, एकेकीला एकेक चमचा. खाली कोमट सफरचंद आणि वर कच्चा मैदा. तो टाळूला जाऊन चिकटला. त्यामुळे बराच वेळ कुणाला बोलता येईना. बोलता यायला लागल्यावर सगळ्यांनी एकमेकींच्या वरताण कौतुक केलं. मी म्हणाले, "फारच हलकं झालंय." असं मी खरोखर म्हणाले.

घरी येताना सासूबाईंनी तोंडातला मैदा थुंकला. "बाई, चुरम्याले इंग्रजी नाव देलं अन् कच्चाच वाढला. याच्यात शिकाचं काय होतं?"

मी घरी आल्यावर शब्दकोश काढला. क्रंबल म्हणजे चुरा होणे, ढासळणे. शिक्षिकेच्या सवयीनं मी तो शब्द वहीत उतरवूनही घेतला.

पुढच्या बैठकीत मॅडमनी स्पर्धा जाहीर केली. प्रत्येकीनं घरी क्रंबल करून आणायचं. त्या स्वतः चाखून नंबर काढणार. एका मासिकात वाचल्याप्रमाणे बशीखाली फक्त आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, नाव लिहायचं नाही, म्हणजे पक्षपात होत नाही. कुणीतरी विचारलं, सफरचंदं कुठून आणायची. मॅडम समजुतीनं हसल्या. "मिळेल ते फळ घ्या हो. इथे काय मिळणार, मला कल्पना आहे."

मी तेवढ्यावर पेटले. आपण क्रंबल असं करायचं की मॅडमनी विचारलं पाहिजे, कुणी केलंय म्हणून. पण माझ्याकडे ओव्हन नव्हता, सफरचंद नव्हतं आणि मे महिन्यात लोण्याचं पाणी होत होतं. मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फळ कोणतं पाह्यजे?"

"गोड, गर असलेलं. शिजल्यावर पाणी न सुटणारं."

"मंग टेंभरं आहेत न."

तेंदूच्या पानांचा हंगाम चालू होता. त्या पानांवर साऱ्या मुलखाची कमाई चालते, पण त्याच झाडाच्या फळाकडे, टेंभराकडे, कॉलनीत कुणी ढुंकून बघत नव्हतं. पिवळसर, चिकूसारखं लागणारं, बिया फार. ते नीट पिकलेलं नसलं तर जीभ आखडून जाते. रस्त्याच्या कडेला बाया ती टोपल्यात घेऊन बसायच्या आणि साहेबांच्या बायका त्यांना वळसा घालून जायच्या. सासूबाई बाजारात गेल्या आणि एकेक टेंभरू दाबून, हुंगून टोपलंभर घेऊन आल्या. चारोळीही आणली. मी टेंभरांचा गर काढला, त्यात आंबटपणासाठी पाडाच्या आंब्याच्या फोडी घातल्या. मैद्याऐवजी सासूबाईंनी कणीक घेतली, तिच्यात मूठभर जाडसर दळलेलं तांदळाचं पीठ टाकलं आणि तुपाचं मोहन घालून बोटांनी चोळलं.

"कृतीत तांदूळ नाही," मी म्हणाले.

"कृती लिवणाऱ्याच्या घरी तांदूळ नसन," त्या म्हणाल्या.

राहिला भाजण्याचा प्रश्न. आमच्याकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजतात. स्पर्धेच्या दिवशी सासूबाईंनी मागच्या अंगणात पहाटेच गोवऱ्या पेटवल्या. जर्मनचं पसरट गंज, म्हणजे पातेलं, निखाऱ्यावर ठेवलं, वर लोखंडी तवा झाकला आणि तव्यावरही निखारे घातले. सकाळी सातला चटके बसावेत असं ऊन होतं, त्यात ही भट्टी. यजमान दारात येऊन म्हणाले, "कॉलनीत धूर होतोय. लोक काय म्हणतील?" त्यांच्याकडे दोघींनीही लक्ष दिलं नाही. तासाभरानं तवा काढला तेव्हा वरचा चुरा तांबूस झाला होता, चारोळी खमंग भाजली होती आणि कडेनं टेंभराचा रस गुळासारखा दाट होऊन वर आला होता. मी ते चमच्यानं चिनी मातीच्या बशीत काढलं. काढताना सगळा थर मोडला. शब्दकोशाप्रमाणेच झालं, असं म्हणून मी समाधान मानलं.

स्पर्धा क्लबच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलावर अकरा बश्या मांडल्या होत्या. एकीनं कच्ची पपई साखरेत शिजवून तिला लाल रंग दिला होता. एकीनं डब्यातला अननस आणला होता. दोघींच्या यजमानांना त्याच आठवड्यात नागपूरचं सरकारी काम निघालं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे सफरचंद होतं. माझी बशी सात नंबरची. सासूबाई मागे खुर्चीवर बसल्या होत्या.

मॅडम चमचा घेऊन निघाल्या. प्रत्येक बशीतलं चिमूटभर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि कागदावर काहीतरी टिपायच्या. सात नंबरशी आल्या, चमचा तोंडात घातला आणि टिपायचं विसरल्या. परत घेतलं. पुढच्या चार बश्या भराभर उरकल्या आणि पुन्हा सातकडे आल्या. या वेळी चमचा भरून घेतला.

"हे काय फळ आहे?" त्या म्हणाल्या. "अंजीर आहे का? पण अंजीर इथे कुठून येणार. सात नंबर कुणाचा?"

 मी पुढे झाले. "माझा आहे. टेंभरू आहे ते, मॅडम."

 मॅडमचा चेहरा तसाच हसरा राहिला. त्याचं मला आजही कौतुक वाटतं, त्यांना सवयच तशी होती. फक्त चमचा त्यांनी बशीत न ठेवता शेजारच्या कागदावर ठेवला. मग पदरानं ओठ टिपले, एकदा आणि मग पुन्हा एकदा.

"छान प्रयत्न आहे," त्या म्हणाल्या. "पण क्रंबल मूळचं सफरचंदाचं असतं. तसं पाहिलं तर हे नियमात बसत नाही. चव आहे, पण नियम म्हणजे नियम."

आणि त्यांनी नागपूरच्या सफरचंदाला पहिला नंबर दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवत असतानाच मागच्या खुर्चीवरून सासूबाईंचा आवाज आला.

"बाई, मिळन ते फळ घ्या, हे तुमीच म्हणाल्या होत्या न?"

मॅडम वळल्या. "हो, पण..."

"मी मंगापासून पाहून राह्यली. बाकीच्यायचं तुमी येकयेकदा घेतलं. हे तीनदा घेतलं. चवथ्यांदा हात जाऊन राह्यला होता, तेवढ्यात तुमाले नाव समजलं. नियम त्याच्यामंग आठवला."

त्या हे भांडणाच्या सुरात म्हणाल्या नव्हत्या. बाजारात वजन चुकलं तर सांगतात तसं सांगितलं होतं. दोन-तीन बायकांनी माना खाली घातल्या. अननसवालीला खोकला आला. मॅडम म्हणाल्या, "आजींचा काहीतरी गैरसमज होतोय," आणि चहा आणायला सांगितला. मी बशी उचलली, सासूबाईंना घेतलं आणि बाहेर पडले. रस्त्यात मी त्यांच्यावरच चिडले होते. चारचौघांत कशाला बोललात, असं म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली बशी घेतली, कारण ती कलली होती आणि रस सांडत होता.

आठेक दिवसांनी दुपारी मॅडमकडचे शिपाईभाऊ आले. त्यांच्या हातात झाकणाचं काचेचं मोठं भांडं होतं.

"बाई, साहेबांकडे परवा मुंबईचे मोठे साहेब जेवायले येऊन राह्यले," ते म्हणाले. "मॅडमनं सांगितलं, ते टेंभराचं गोड यात करून द्या. मी येऊन घेऊन जाईन. कोणाले सांगू नका म्हणाल्या."

मी त्या भांड्याकडे बघत राहिले. भांडं त्यांचं होतं, म्हणजे त्याला बाध नव्हता. राहता राहिला आतला पदार्थ, तर तो निखाऱ्यावर भाजल्यावर शुद्ध होत असावा. निदान मुंबईच्या साहेबांपुरता.

"मॅडमना सांगा, भांडं तुमच्याकडेच राहू द्या," मी म्हणाले. "परवा सकाळी मीच त्यांच्याकडे येते. सामान आणते. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या ओव्हनमध्ये करून दाखवते. शिकूनही होईल."

शिपाईभाऊ दोन वर्षं त्या घरी होते. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "असंच सांगू का?"

"असंच सांगा."

ते भांडं घेऊन परत गेले. त्या दिवशी निरोप आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी मात्र टेंभरं आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून गर काढला, बिया वेचल्या, आंबे चिरले, चारोळी निवडली आणि सगळं डब्यांत भरलं. हलक्या निळ्या रंगाची नवी साडी नेसले आणि बैठकीत बसून राहिले.

नऊच्या सुमाराला शिपाईभाऊ आले. या वेळी हात रिकामे होते.

"मॅडम म्हणाल्या, राहू द्या. नागपूरवरून श्रीखंड बलावलं."

"बरं," मी म्हणाले.

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. "तुले जायचं होतं का वं?"

"छे. मी तर मुद्दाम तसं सांगितलं होतं. त्या हो म्हणणार नाहीत हे मला ठाऊक होतं."

"मंग सकाळपासून नवी साडी नेसून काऊन बसली?"

 मी आत गेले, साडी बदलली, तिची घडी नीट पडेना म्हणून दोनदा घातली. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी अंगणात गोवऱ्या पेटवल्या होत्या आणि शिपाईभाऊ टोपी काढून ओट्यावर बसले होते.

"घंटाभर लागन, भाऊ," सासूबाई त्यांना सांगत होत्या. "श्रीखंडाची घाई नसन त खाऊनच जा."

"घाई कायची," शिपाईभाऊ म्हणाले. "श्रीखंड त आमच्यापर्यंत येतच नाई."

मी कणकेचं भांडं घेऊन खाली बसले आणि मोहन चोळायला लागले.